चू. भू. द्या. घ्या.

"मामा, लायब्ररी चालेना."

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. एप्रिल महिना, नांदेडचा उकाडा, नुकतीच लाईट जाऊन परत आलेली. अशा वेळी लायब्ररी चालत नाही ही तक्रार मला तरी रास्त वाटली नाही. मी म्हणालो, "बाबा रे, आठ वाजताच कुलूप लागतं तिथं. सकाळी जा. जाताना माझं कपाटावरचं पुस्तकही घेऊन जा, दंड चढायलाय."

भाच्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी बी.कॉम. झालो त्या दिवसाचा मला पश्चात्ताप झाला. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आमच्या पदवीत 'कॉम' आहे आणि त्याच्या कॉम्प्युटरातही 'कॉम' आहे, याच्यापलीकडे आमचा शैक्षणिक संबंध नाही. दुसरा संबंध मात्र पक्का आहे. त्याच्या शैक्षणिक कर्जाला जामीनदार मी आहे. त्यामुळे त्याच्या विद्येत मला जो रस आहे तो शुद्ध ज्ञानापोटी आहे, असं मी कुठंही म्हणत नाही.

त्यानं समजावून सांगितलं, ते असं. कॉम्प्युटरवाल्यांची लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. कुणीतरी शहाण्या माणसानं आधीच लिहून ठेवलेली तयार कामं. बेरजेचं एक, तारखेचं एक, पावती छापायचं एक. आपण ती उचलायची आणि आपल्या प्रोग्रॅमला जोडायची. मग हे सगळं कंपायलर नावाच्या दुभाष्यापुढं ठेवायचं. तो आपलं लिहिणं यंत्राच्या भाषेत करून देतो. आणि पसंत पडलं नाही तर चुकांची यादी हातात ठेवतो.

"मग? किती चुका दाखवायलाय?"

"एकशे सदतीस."

आमच्या शाखेत एवढ्या चुका निघाल्या असत्या तर खास तपासणीस आला असता.

प्रकल्प साधा होता. आमचे दाजी लातूरला एका आडत दुकानात मुनीम आहेत. गंजगोलाईच्या आसपास त्यांचा जन्म गेला. शेतकऱ्याचा माल आला की तोल, भाव, हमाली, तोलाई मांडून हिशेबाची पट्टी करायची, हे काम ते तीस वर्षं करतात. तेच काम कॉम्प्युटरवर करून दाखवायचं, असं पोरानं ठरवलं होतं. चार दिवसांनी परीक्षक येणार होते. त्याआधी, परवाच, दाजी स्वतः लोहा-अहमदपूरमार्गे एस.टी.नं येणार होते, पोराचं यंत्र पट्टी कशी करतं ते पाहायला. आणि यंत्र पट्टी करत नव्हतं. चुका करत होतं, तेही एकशे सदतीस.

"मला जमत नाही मामा," भाचा म्हणाला. "मी लातूरला परत जातो. दुकानात बसतो."

हे वाक्य त्यानं इतक्या सरळ आवाजात म्हटलं, की मी उठून बसलो. रडत म्हणाला असता तर चहा देऊन झोपवलं असतं. लातूर पॅटर्नच्या ओढीनं दोन वर्षं पहाटे पाचला उठून शिकवण्या केलेलं हे पोर. त्या शिकवण्यांच्या फीपायी आमच्या बहिणीच्या हातात पाटल्यांच्या जागी काचेच्या बांगड्या आल्या. ते आता एका अर्धविरामापायी दुकानात बसायला निघालं होतं. आणि जामीनदार, म्हणजे मी, बनियनवर बसून पंख्याकडे पाहत होतो.

सांगायला माझ्याजवळ विज्ञान नव्हतं. फरक काढायची विद्या मात्र होती. म्हटलं, तीच लावून पाहू.

मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या तालुक्याच्या शाखेत लेजरं हातानं लिहायची पद्धत होती. महिनाअखेरीला बॅलन्सिंग व्हायचं. सगळ्या खात्यांची बेरीज जनरल लेजरच्या आकड्याशी जुळली पाहिजे. एकदा फरक आला सत्तावीस रुपयांचा. सत्तावीस रुपये मी खिशातून टाकायला तयार होतो. हेडक्लार्क म्हणाले, "पैसे नकोत, चूक आण." रात्री दहापर्यंत बसवलं. मग स्वतःच म्हणाले, "नवानं भाग लाव." लागला. "म्हणजे आकडे उलटलेत. शोध." तिसऱ्या लेजरात पंच्याऐंशीचे अठ्ठावन्न झाले होते. अक्षर माझंच होतं.

ही युक्ती जुन्या कारकुनांची. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की येणाऱ्या फरकाला नवानं निःशेष भाग जातोच. फरकाची निमपट रक्कम एखाद्या व्हाउचरवर सापडली, तर ती जमेऐवजी नावे पडली असं समजायचं. कॉम्प्युटर यायच्या आधी चूक हुडकायचं शास्त्र आपल्याकडे होतं, आणि ते चष्म्याच्या काड्यांना दोरा बांधलेल्या माणसांजवळ होतं.

पण कंपायलर म्हणजे काय, हे भाच्याला मी बँकेवरून समजावलं नाही. आजोबांवरून समजावलं. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. कारभाराची भाषा उर्दू, आणि रयत बोलायची मराठी. गावकऱ्याचा बांध कुणी कोरला तर तो तहसील कचेरीत जायचा आणि बाहेर बसलेल्या अर्जनवीसाला आपली कहाणी सांगायचा. त्यात बांध असायचा, चुलता असायचा, मेलेला बैल असायचा. अर्जनवीस त्यातून बैल काढून टाकायचा, चुलता ठेवायचा, आणि कचेरीला कळेल अशा उर्दूत, ठरलेल्या साच्यात अर्ज उतरवायचा. सर्वे नंबर नाही? परत जा. बापाचं नाव नाही? परत जा. गावकरी म्हणायचा, "अहो, सारा गाव ओळखतो माझ्या बापाला!" गाव ओळखत असेल, कागद ओळखत नाही.

"हा तुझा कंपायलर," मी म्हटलं. "त्याला तुझा बैल नको आहे, साचा हवा आहे. तो तुझ्यावर रागावलेला नाही."

भाचा पहिल्यांदा जरासा हसला. मग मीही खुलून त्याच्या पुस्तकांत डोकावलो. पुढचे दोन दिवस शाखेतला दुपारचा डबा खाताना मी या दुभाष्याचा इतिहास वाचून काढला. तो मला इतका आमच्या खात्यातला वाटला, की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ही लायब्ररी पहिल्यांदा नीट थाटात मांडली ती इंग्लंडात, केंब्रिजला. मॉरिस विल्क्स नावाचे गृहस्थ आणि त्यांचे सहकारी यांनी एडसॅक नावाचं यंत्र बांधलं. ६ मे १९४९ रोजी त्यानं पहिला हिशेब करून दाखवला. नेहमी लागणारी कामं त्यांनी कागदी फितींवर भोकं पाडून तयार ठेवली आणि त्या फिती एका पोलादी कपाटात लावून ठेवल्या. ज्याला हवी त्यानं कपाटातून फीत काढायची, तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवायची, आणि मूळ फीत जागेवर ठेवायची. म्हणजे सॉफ्टवेअरची लायब्ररी खरोखरच कपाटात होती! माझा साडेअकराचा समज अगदीच गाढवपणाचा नव्हता, हे मी घरात दोन वेळा ऐकवलं.

त्याच १९४९ साली या विल्क्सनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला. सव्वाशे ओळींचा. त्यात वीसेक चुका निघाल्या. यंत्राच्या खोलीकडून फीत टोचायच्या खोलीकडे जाता येता, जिन्याच्या वळणावर, त्यांच्या लक्षात आलं की आपलं उरलेलं बरंचसं आयुष्य आता स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार आहे. आठवणी लिहिताना त्यांनी हे मोकळेपणी सांगितलं. ज्यानं यंत्र बांधलं त्याची ही गत. सव्वाशे ओळींत वीस! आमच्या भाच्याचं प्रमाण काढलं तर त्याला बढती द्यायला हवी होती.

पुढचं पाऊल एका बाईंचं. ग्रेस हॉपर, अमेरिकन नौदलातल्या. त्या म्हणाल्या, फितीची नक्कल माणसानं कशाला करायची? नक्कल करताना माणूस चुकतो. यंत्रालाच सांगा, अमुक नंबरची कामं लायब्ररीतून काढ आणि एकत्र लाव. १९५२ साली त्यांनी 'ए-झीरो' नावाचा प्रोग्रॅम केला. लायब्ररीतून तुकडे गोळा करून जुळवतो म्हणून तो 'कंपायलर', म्हणजे आपल्या भाषेत संकलक. यंत्र स्वतःचे प्रोग्रॅम स्वतः जुळवील, यावर त्या काळी फार जणांचा विश्वास बसेना.

या बाईंचं नाव निघालं की लोक पतंगाची गोष्ट सांगतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या 'मार्क टू' यंत्राच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. तो वहीत चिकटवून ठेवला गेला. कॉम्प्युटरच्या चुकीला 'बग' म्हणतात ते त्यावरून, असं सांगतात. ते तितकंसं खरं नाही. एडिसनच्या पत्रात हा शब्द १८७८ सालीच या अर्थानं आलेला आहे. पण खराखुरा किडा वहीत चिकटवून 'सापडला' म्हणणं यात जो कारकुनी आनंद आहे, तो मला फार भावला. सत्तावीस रुपयांची चूक सापडल्यावर मलाही ती वहीत चिकटवावीशी वाटली होती.

मग आला एप्रिल १९५७. अमेरिकेत पिट्सबर्गजवळ बेटिस नावाची अणुशक्तीची प्रयोगशाळा. तिथं टपालानं एक खोकं आलं. आत सुमारे दोन हजार भोकाची कार्डं. वर नाव नाही, आत पत्र नाही, कसं वापरायचं त्याचा कागद नाही. लोकांनी अंदाज बांधला की हा आय.बी.एम.चा नवा फोरट्रान दिसतो, कारण जॉन बॅकस यांच्या मंडळींचं ते काम चालू आहे असं ऐकून होते. यंत्राला कार्डं घातली, मागून आपला एक प्रोग्रॅम घातला. यंत्रानं थोडा विचार करून छापलं की, अमुक वाक्यात कंस पुरा झाल्यावर स्वल्पविराम नाही! गिऱ्हाइकाच्या घरी फोरट्राननं उच्चारलेला पहिला शब्द म्हणजे ही चूक. एक स्वल्पविराम. तो घातला, आणि मग उत्तरांची पानंच्या पानं बाहेर पडू लागली.

शाळेत विरामचिन्हांना अर्धा मार्क असायचा. आम्ही तो सोडून द्यायचो. त्या अर्ध्या मार्कानं केवढा सूड उगवला पाहा!

हे वाचताना माझ्या डब्यातली भाकरी हातातच राहिली, ती वेगळ्या कारणानं. एप्रिल १९५७! त्याच महिन्याच्या एक तारखेला आपल्या देशात नवे पैसे सुरू झाले. रुपयाचे सोळा आणे होते ते गेले, शंभर नये पैसे आले. एका आण्याचे भरतात सव्वासहा, पण सव्वासहाचं नाणं नाही. म्हणून तक्ता निघाला: एक आणा सहा, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. आता दोन आण्याच्या दोन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर चोवीस पैसे आणि एकदम घेतल्या तर पंचवीस. गृहिणींनी हे दुसऱ्याच दिवशी ओळखलं असणार.

आणि आमच्या भागाचं दुखणं याहून जुनं. निजामाच्या राज्यात चलन निराळं होतं, हाली सिक्का. ब्रिटिश हद्दीतला रुपया तो कळदार. हिशेब सात हालीला सहा कळदार. म्हणजे शंभर कळदारला एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. हे वाक्य एका दमात म्हणता येणारा माणूसच मुनीम होत असे. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला. १९५१ मध्ये हाली निघायचं बंद झालं, तरी बाजारात ते चालत राहिलं आणि पुरतं रद्द झालं ते १९५९ मध्ये. मध्येच १९५७ चे नये पैसे. म्हणजे दहा वर्षांच्या आत लातूरच्या आडत्याच्या एकाच वहीनं तीन तऱ्हेचे हिशेब पाहिले. मागच्या सालची बाकी हालीत, यंदाची कळदारात, आणि पुढच्या पानावर नये पैसे. भाच्याच्या भाषेत याला 'व्हर्जन बदललं' असं म्हणतात. त्याची लायब्ररी एक सांगते, प्रोग्रॅम दुसरं समजतो. आमच्या आजोबांच्या पिढीनं हे कसलीही पदवी न घेता निभावलं.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली आपल्या लोकांनी घरचं कॉम्प्युटर यंत्र चालू केलं. त्याचं नाव पुढं टिफ्रॅक झालं. १९६४ मध्ये तिथं सी.डी.सी. ३६०० हे मोठं यंत्र आलं आणि देशभरच्या संशोधकांची कामं तिथं जाऊ लागली. तो जमाना भोकाच्या कार्डांचा. कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि आपला नंबर लागेपर्यंत थांबायचं. परत काय यायचं? गठ्ठा आणि एक कागद, की अमुक ओळीत स्वल्पविराम नाही. एका ठिपक्याचा एक दिवस. आमचा भाचा एका मिनिटात दहादा कंपाईल करतो आणि मशीन हळू आहे म्हणतो.

बँकांचं विचाराल तर आम्ही कॉम्प्युटरला सहजासहजी आत घेतलं नाही. नोकऱ्या जातील ही भीती होती, आणि भीती काही अगदीच खोटी नव्हती. १९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांबद्दल करार झाला. त्याच सुमाराला रिझर्व्ह बँकेनं डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. मग शाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रं दिसू लागली. पुढं शतक संपताना दोनच आकड्यांत साल लिहिण्याची जुनी काटकसर जगाला भोवली. शून्य शून्य म्हणजे १९०० की २०००? त्या दुरुस्तीच्या कामावर आपली कितीतरी पोरं परदेशी गेली. साल लिहिताना दोन आकडे वाचवले कुणी, आणि विमानाचं तिकीट मिळालं कुणाला!

आणि हे सगळं एकमेकांच्या लायब्ररीवर किती टेकून उभं आहे, ते मार्च २०१६ मध्ये दिसलं. जगभराच्या सार्वजनिक साठ्यात अकरा ओळींचा एक चिमुकला प्रोग्रॅम होता. काम एवढंच, की मजकूर ठरलेल्या रुंदीचा व्हावा म्हणून डाव्या बाजूला मोकळी जागा किंवा शून्यं भरायची. आम्ही ड्राफ्टवर रकमेच्या आधी फुल्या मारतो, जवळजवळ तेच. लेखकाचं साठा चालवणाऱ्यांशी बिनसलं आणि त्यानं आपलं लेखन काढून घेतलं. झालं! हजारो प्रकल्प अडून बसले. काही तासांत ते परत आणून ठेवावं लागलं. एका फुली मारणाऱ्या कारकुनानं रजा टाकली आणि हेड ऑफिस बंद पडलं. कारकुनाची किंमत जगाला इतक्या स्पष्टपणे कुणीच दाखवली नव्हती.

तर आता आमच्या एकशे सदतीसकडे.

दुसऱ्या रात्री मी खुर्ची ओढून भाच्याशेजारी बसलो. तो शेवटच्या चुकीपासून वर चालला होता, कारण पडद्यावर तीच समोर दिसते. मी म्हटलं, "पहिली दाखव. बॅलन्सिंगमध्ये फरक पडला तर पहिल्या पानापासून बघतात. पहिली चूक खरी. बाकीची तिची पिलावळ असते."

पहिली चूक एका फाईलच्या अगदी सुरुवातीच्या ओळीत दाखवली होती. ओळ तर निर्मळ होती. तीनदा वाचली. त्यात चुकायला जागाच नव्हती. मला एकदम आमचे हेडक्लार्क आठवले. आज सकाळी जी पहिली नोंद गळ्यात पडते, ती पुष्कळदा काल संध्याकाळची असते.

"या ओळीच्या आधी काय येतं?"

"आधी लायब्ररीची फाईल जोडलीय ना, ती."

"ती कुठं संपते ते दाखव."

ती फाईल एका महिरपी कंसानं संपत होती. कंसानंतर अर्धविराम हवा होता, तो नव्हता. त्यामुळं दुभाषी वाट पाहत पुढच्या फाईलीत शिरला आणि तिथल्या पहिल्याच निरपराध ओळीला त्यानं पकडलं. चोर मागच्या डब्यात, दंड पुढच्या प्रवाशाला.

"लायब्ररी लिहिणारा एवढा शहाणा, आणि अर्धविराम विसरला?" मी विचारलं.

भाचा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "मीच ती फाईल उघडून बघितली होती मामा. कसं लिहिलंय ते शिकायला. तेव्हा बहुतेक माझ्याच हातनं खोडला गेला." पंच्याऐंशीचे अठ्ठावन्न मी कसे केले होते, ते मला आठवलं. मी काही बोललो नाही.

अर्धविराम घातला. एकशे सदतीसचे राहिले पाच.

त्यातले चार मजेशीर होते. यंत्र म्हणत होतं, प्रोग्रॅममध्ये काहीतरी 'भटकं' फिरतंय. मी दाराकडे पाहिलं. भटकी म्हणजे अवतरणचिन्हं निघाली. भाच्यानं काही ओळी नोट्समधून जशाच्या तशा उचलल्या होत्या. नोट्समध्ये अवतरणचिन्हं छापील पुस्तकासारखी डौलदार, वळणाची. दुभाष्याला हवीत ती सरळ, उभी, खेडवळ. नक्षी काढून टाकली. राहिली एक.

शेवटची चूक सगळ्यांत चिवट. एक काम लायब्ररीत सापडत नाही, अशी तक्रार. सगळं बरोबर लिहिलेलं, पण ते नावच तिथं नाही. एक वाजला, दोन वाजले. शेवटी मी म्हटलं, "या लायब्ररीबरोबर एखादं परिपत्रक येतं का रे?" येतं, म्हणाला. 'मला वाचा' असं स्पष्ट नाव दिलेली फाईल असते, म्हणूनच ती कुणी वाचत नाही. आमच्याकडे परिपत्रकांचं तेच होतं. ती उघडली. चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं की नव्या आवृत्तीत त्या कामाचं नाव बदललेलं आहे. भाचा जुन्या आवृत्तीचं पुस्तक वाचून हाली मागत होता. लायब्ररीनं कळदार सुरू करून वर्ष झालं होतं.

नाव बदललं. बटण दाबलं. आणि पडद्यावर काहीही आलं नाही.

"आता काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"झालं मामा! काही बोलला नाही म्हणजे पास!"

बरोबर असताना अवाक्षर काढायचं नाही आणि चुकलं की एकशे सदतीस वेळा ओरडायचं. हा दुभाषी आमच्याकडे अधिकारी म्हणून सहज खपला असता.

सकाळी दाजी आले. हातात तुरीच्या डाळीची पिशवी, खांद्यावर उपरणं. चहा घेऊन मशीनसमोर मांडी घालून बसले. म्हणाले, "हं, कर पट्टी. बारा क्विंटल तूर. भाव सात हजार एकशे पन्नास."

भाच्यानं थरथरत्या बोटांनी आकडे घातले. पडद्यावर ढोबळ रक्कम उमटली: ९०,१२०.

दाजींनी डोळे मिटले. "बारा साती चौऱ्याऐंशी. बारा दीडशे अठराशे. पंच्याऐंशी हजार आठशे." डोळे उघडले. "नव्वद कामून दाखवायलंय?"

पोराचा चेहरा पांढरा पडला. दोन रात्रींची मेहनत, दुभाष्यानं पास केलेली, आणि बापानं दोन श्वासांत नापास केली. मी मनातल्या मनात वजाबाकी केली. चार हजार तीनशे वीस. चार तीन सात, दोन नऊ. नवानं भाग जातोय!

"आकडे उलटलेत," मी ओरडलो. "भाव बघ!"

भावाच्या रकान्यात ७,५१० होते. घाईत एकावर पाच चढला होता. प्रोग्रॅमनं दिलेल्या भावाचा बिनचूक गुणाकार केला होता. दुभाष्यानं साचा पाहिला होता, आणि साचा बरोबर होता. भाव खरा की खोटा, हे पाहणं त्याच्या कामातच नव्हतं. ते मुनिमाचं काम. भाव दुरुस्त केला. ८५,८००. हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी झरझर छापून आली.

दाजींनी कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला. उलटून पाहिला. परत सुलटा केला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण खालची ओळ कुठाय?"

"कोणती ओळ बाबा?"

"चू. भू. द्या. घ्या."

"बाबा, कॉम्प्युटरच्या पावतीवर ते नसतं. कॉम्प्युटर चुकत—" इथं तो थांबला. आम्ही तिघंही पडद्याकडे पाहायला लागलो.

दाजी शांतपणे म्हणाले, "मशीन चुकत नसंल बाबा. आपण चुकताव. शेतकऱ्याला कळायला पाहिजे, की चूक निघाली तर माघारी येता येतं. ती ओळ नसंल तर तो घाबरून येतच नाही."

तीस वर्षं रोज खरडलेल्या त्या चार अक्षरांत एवढं असेल, असं मला वाटलं नव्हतं. मी कितीतरी बिलांवर ती वाचली आणि धोब्याच्या खुणेसारखी सोडून दिली. भाच्यानं मान खाली घातली होती. दुकानात बसायला परत येतो, हे वाक्य त्यानं बापाला सांगितलं नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. पण दाजींनी बोलता बोलता त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा त्यांना ते कुठूनतरी कळलं असावं असा मला संशय आला.

भाच्यानं प्रोग्रॅम उघडला आणि शेवटी ती ओळ घातली. बटण दाबलं.

एक चूक.

'चू. भू. द्या. घ्या.' लिहिताना शेवटचं अवतरणचिन्ह राहून गेलं होतं. यंत्रानं ती ओळ साभार परत केली. आम्ही तिघं इतक्या मोठ्यानं हसलो, की स्वयंपाकघरातून विचारणा झाली. चिन्ह घातलं, परत दाबलं. शांतता.

दाजी दुपारच्या गाडीनं लातूरला गेले. पट्टीची घडी त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली होती. परीक्षकांनी पोराला किती मार्क दिले ते इथं सांगत नाही. कर्जाचे हप्ते वेळेवर चालू आहेत, एवढं जामीनदार म्हणून सांगतो.

आणि हो, या लेखातल्या सनावळ्या मी दोनदा तपासल्या आहेत, नवानं भाग लावूनसुद्धा. तरीपण शेवटी पद्धत म्हणून लिहितो.

चू. भू. द्या. घ्या.